पदर उलटून पाहावा

लेकीच्या लग्नासाठी हातमागाची पैठणी घ्यायची आहे. दुकानात प्रत्येक साडी हातमागाचीच असल्याचे सांगतात. ओळखावे कसे? (एक वाचक, दादर)

आधी पदर उलटून पाहावा. अस्सल पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते आणि विणकर शेजारशेजारच्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवत जातो. म्हणून मोराची मान उलट बाजूनेही तितकीच रेखीव दिसते. यंत्रमागाच्या नकलेत मागे धागे लोंबतात किंवा कातरलेले असतात. मात्र मागे धागे दिसले म्हणून साडी लगेच नाकारू नये, कारण येवल्यात हातमागावर ब्रोकेडचे, म्हणजे जादा धाग्याने नक्षी उठवलेले, काठही विणतात. अशा वेळी काठाच्या अगदी कडेला बोट फिरवावे. कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टोकांची बारीक छिद्रे तेथे बहुधा सापडतात. हातमागाचे चिन्ह (हँडलूम मार्क) मागावे, आणि एक कळकळीची विनंती : भाव पाडू नये. भरगच्च पदर दिवसाकाठी जेमतेम इंच-दोन इंच सरकतो. एवढ्या वेळाची मजुरी सुटली नाही, तर विणकराचा मुलगा मागावर बसणार नाही.

बाजारातले कापडाचे रंग आणून घरी कलमकारी करता येईल का? (एक वाचिका, मुलुंड)

चित्र काढता येईल, पण आंध्र प्रदेशातल्या श्रीकाळहस्तीची कलमकारी ही मुळात रंग कापडात मुरवण्याची विद्या आहे. तेथे सुती कापड हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवून वाळवतात. दुधातल्या स्निग्धतेमुळे रेघ फुटत नाही. लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवून केलेले फिकट द्रावण बांबूच्या कलमाने हिरड्याच्या कापडावर टेकवले, की रेघ डोळ्यांदेखत काळी होते. लाल रंगाला तुरटी लागते, आणि मध्ये पुन्हा पुन्हा धुणे आलेच. आपण हिरड्यापासूनच सुरुवात करावी. चित्रकाराने कापडाकडे वळण्यात कमीपणा नाही. प्रभाकर बरवे यांच्यासारख्या चित्रकाराने मुंबईच्या सरकारी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली होती.

आजीच्या पैठणीची जर काळवंडते आहे. (एक वाचिका, गिरगाव)

आपल्याकडची दमट हवा हे त्याचे मोठे कारण. साडी प्लास्टिकच्या पिशवीतून काढून धुतलेल्या मलमलीत गुंडाळावी, डांबराच्या गोळ्या जवळ ठेवू नयेत आणि पावसाळा सरला की सावलीत पसरून घडी बदलावी. जुन्याच घडीवर रेशीम चिरते.