वाचकांचे प्रश्न : कमी खर्चात हस्तनिर्मित शुभेच्छापत्रे

प्रश्न : संक्रांतीला बाहेरगावच्या नातेवाइकांना स्वतः तयार केलेली शुभेच्छापत्रे टपालाने पाठवावीत, अशी माझी इच्छा आहे. हे काम मी पूर्वी कधी केलेले नाही आणि ५०० रुपयांहून अधिक खर्च करणे मला शक्य नाही. बाजारात तयार साहित्याचे संच मिळतात. त्यांपैकी एखादा घ्यावा, की सुटे साहित्य घ्यावे?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : संच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. संचाच्या किमतीतला मोठा वाटा चमकणारे खडे, स्टिकर आणि फिती यांवर जातो. ज्या कागदावर शुभेच्छापत्राचे सारे रूप अवलंबून असते, तो मात्र त्यात थोडा आणि पुष्कळदा पातळ असतो. तुमचे पैसे आधी जाड कागद, स्टीलची पट्टी आणि चांगला कटर यांवर खर्च व्हावेत. त्यातून उरेल तेवढ्यात सजावट करावी, आणि काही उरले नाही तरी काम अडत नाही.

कागद घेताना दुकानदाराला त्याचे जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन, आवर्जून विचारावे. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो आणि त्याचे कार्ड उभे राहत नाही. सीताबर्डीतील स्टेशनरीच्या दुकानांत २२० ते २५० जीएसएमची पांढरी किंवा फिकट बदामी ए-४ कार्डशीट मागावी. २५० जीएसएमच्या अशा एका शीटचे वजन साधारण साडेपंधरा ग्रॅम भरते. ती आडवी मधोमध कापून प्रत्येक अर्ध्या भागाची घडी घातली, तर एका शीटमध्ये दोन कार्डे होतात आणि प्रत्येक कार्ड आठ ग्रॅमच्या आत राहते. पाकिटासाठी ८० जीएसएमचा ए-४ कागद घेतल्यास त्याचे पाच ग्रॅम होतात. टपालात पत्राच्या वजनाची पहिली पायरी २० ग्रॅमची असल्यामुळे सजावटीला सहा-सात ग्रॅम शिल्लक राहतात. मोठे कार्ड केले, तर कागद दुप्पट लागतो आणि तिकिटांचा खर्चही वाढू शकतो. सोबत तिळगुळाची पुडी घालणार असाल, तर पाकीट टपाल कार्यालयातच वजन करून घ्यावे.

नवख्या हाताचे कार्ड बहुधा घडीवर बिघडते, म्हणून या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. यंत्रावर तयार झालेल्या कागदातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने पसरलेले असतात. शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिली, की ती एका बाजूने सहज वळते आणि दुसऱ्या बाजूने विरोध करते, हे हाताला लगेच कळते. घडी नेहमी सहज वळणाऱ्या बाजूने घालावी; आडव्या तंतूंवर घातलेल्या घडीला तडे जातात. ए-४ शीटमध्ये तंतू बहुधा लांब बाजूला समांतर असतात, त्यामुळे वर सांगितलेल्या लहान कार्डाची घडी आपोआप योग्य दिशेने पडते. घडी घालण्यापूर्वी शीटखाली जुने मासिक ठेवावे, पट्टीच्या आधाराने शाई संपलेल्या बॉलपेनाने एक रेघ दाबून ओढावी आणि मगच कागद दुमडावा. हे काम मुळीच टाळू नये. कापतानाही कात्रीपेक्षा कटर वापरावा, आणि एका फटक्यात जोर लावण्याऐवजी दोन-तीनदा हलक्या हाताने फिरवावा.

सजावटीसाठी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढा. त्यांतील सोनेरी नक्षीच्या पट्ट्या आणि जाड कोरे भाग फार उपयोगी पडतात. पत्रिकेवरच्या गणपतीवर कात्री चालवायला मन धजत नसेल, तर त्याभोवतीचा पूर्ण चौकोन उचलून नव्या कार्डाच्या दर्शनी भागी लावावा. संक्रांतीच्या कार्डासाठी पतंगाच्या कागदाइतके शोभणारे दुसरे काही मला सुचत नाही. त्या दिवसांत नागपूरचे आकाश पतंगांनी भरलेले असते आणि फाटलेले पतंग गच्चीवर सहज सापडतात. त्यांचे लहान चौकोन कापून साधी दोऱ्याची शेपटी लावली, की कार्ड पुरे होते. मात्र या कागदाला ओला गोंद लावू नये, रंग सुटू शकतो; ग्लू स्टिक वापरावी.

प्रश्न : मे महिन्याच्या सुटीत मुलांसह केलेली कार्डे वाळल्यावर धनुष्यासारखी वाकली. कागद चांगला जाड होता, मग असे का झाले?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : फेव्हिकॉलसारख्या गोंदात पाणी असते. कागदाच्या एकाच बाजूला ते शोषले गेले, की तेवढे तंतू फुगतात आणि वाळताना आकसतात. त्या ओढीने कार्ड वाकते. त्यातच मे महिन्यात आपण कूलरसमोर बसून काम करतो. कूलरची हवा दमट असल्यामुळे उघडा ठेवलेला कागद ओलावा घेतो आणि खोलीबाहेरच्या कोरड्या उन्हाळ्यात गेला, की पुन्हा वळतो. म्हणून कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवावा आणि काम कूलरच्या झोतापासून दूर करावे. मोठा तुकडा चिकटवताना गोंद सर्वत्र न फासता दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप चारही कडांना लावावी. गोंदच वापरायचा असेल, तर तो जुन्या पोस्टकार्डाच्या कडेने अगदी पातळ पसरावा आणि कार्ड दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून जड पुस्तकांखाली रात्रभर दाबावे. आधीच वाकलेली कार्डेही अशीच दोन-तीन दिवस दाबून ठेवली, तर बरीच सरळ होतात.