दुसऱ्या देशातील अणुवीज केंद्राच्या सुरक्षिततेत बाहेरच्यांचे किती चालते?

आपला प्रश्न असा आहे की, एखाद्या अणुवीज केंद्रात अपघात झाल्यास आंतरराष्ट्रीय संस्था त्याचा ताबा घेऊ शकते का, आणि घेऊ शकत नसेल तर या सगळ्या करारांचा उपयोग काय. ताबा घेणे दूरच राहिले, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला भट्टी बंद करण्याचा साधा आदेशही देता येत नाही. सुरक्षिततेची जबाबदारी केंद्र चालवणाऱ्याची आणि त्या देशाच्या नियामकाची असते. माझे काम रासायनिक कारखान्यांच्या सुरक्षेचे आहे, अणुऊर्जेचे नाही. परंतु अपघातांचे अहवाल वाचणे हा आमच्या कामाचाच भाग असल्याने अणुवीज केंद्रांचे अहवालही मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, सहकार्याचे मोल अपघाताच्या आधीच्या काळात असते, कारण पहिल्या काही तासांत केंद्रावरच्या माणसांच्या मदतीला बाहेरचे कोणी पोहोचू शकत नाही.

करारांचा इतिहास थोडक्यात सांगतो. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलला स्फोट झाला, पण बाहेरच्या जगाला त्याचा सुगावा दोन दिवसांनी लागला, आणि तोही स्वीडनमधील फोर्समार्क केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे तपासणी यंत्राचा इशारा वाजला म्हणून. गळती आपल्याच केंद्रात असावी, असे तिथल्या लोकांना आधी वाटले होते. त्यानंतर पाच महिन्यांत, अपघाताची तातडीने सूचना देण्याचा आणि परस्परांना मदत करण्याचा असे दोन करार व्हिएन्नामध्ये संमत झाले. १९९४ च्या अणुसुरक्षा करारानुसार सदस्य देश दर तीन वर्षांनी आपला अहवाल मांडतात आणि इतर देश त्यावर प्रश्न विचारतात. त्यात दंडाची तरतूद नाही. चारचौघांत उत्तर द्यावे लागते, एवढाच काय तो धाक.

हा धाक किती अपुरा पडतो, याचे उदाहरण पुराचे आहे. डिसेंबर १९९९ मध्ये फ्रान्समधील ब्लाये केंद्रात वादळी लाटांचे पाणी संरक्षक बांध ओलांडून आत शिरले आणि तळघरातील पंप बुडाले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत कल्पाक्कमच्या पंपगृहात समुद्राचे पाणी घुसले. चालू असलेली भट्टी तेव्हा सुखरूप बंद करता आली. दोन्ही घटना जगभरच्या तज्ज्ञांना ठाऊक होत्या. जपानमधील फुकुशिमा दाइइची केंद्र चालवणाऱ्या टेपको कंपनीच्या स्वतःच्या २००८ मधील गणितातही १५ मीटरहून उंच लाटेची शक्यता निघाली होती. तरीही ११ मार्च २०११ रोजी लाट आली तेव्हा बहुतेक डिझेल जनित्रे आणि वीजवाटपाची पॅनेले तळघरात किंवा खालच्या मजल्यांवरच होती, आणि ती बुडाल्याने भट्ट्या थंड ठेवणारी वीज गेली. माहिती पोहोचली होती, पण त्या माहितीवर अमुक मुदतीत काही करणे भाग पाडील असे कोणी नव्हते. जपानमध्ये नियामक संस्था तर अणुऊर्जेला उत्तेजन देणाऱ्या मंत्रालयाच्याच छत्राखाली होती. (परदेशाचे कशाला, १९७७ मध्ये अमेरिकेतील डेव्हिस-बेसी केंद्रात एक झडप उघडीच अडकली होती, तो धडा त्याच देशातील थ्री माइल आयलंड केंद्राच्या चालकांपर्यंत १९७९ मधील तिथल्या अपघातापर्यंत पोहोचला नव्हता.)

संकटातील नेतृत्वाविषयी मला सर्वाधिक शिकवणारा प्रसंग १२ मार्च २०११ च्या संध्याकाळचा आहे. दाइइचीचे प्रमुख मासाओ योशिदा यांनी पहिली भट्टी थंड करण्यासाठी तिच्यात समुद्राचे पाणी सोडायला सुरुवात केली होती. पंतप्रधान कार्यालयाची संमती अजून मिळालेली नाही, म्हणून ते थांबवा, असा निरोप टोकियोहून आला. योशिदा यांनी आपल्या सहकाऱ्याला हळूच सांगून ठेवले की, मी आता थांबवण्याचा आदेश देईन, पण तुम्ही थांबू नका. आणि मग मुख्यालयाला व्हिडिओवरून ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी तो आदेश दिला. पाणी चालूच राहिले. याला शौर्यकथा म्हणून डोक्यावर घेतले जाते. मला मात्र त्यात व्यवस्थेचा दोष दिसतो, कारण योग्य निर्णय घेण्यासाठी प्रमुखाला नाटक करावे लागत असेल, तर अधिकारांची वाटणी आधीच चुकलेली असते. आमच्या रासायनिक कारखान्यांत संयंत्र बंद करण्याचा अधिकार पाळीवरच्या चालकाला लेखी दिलेला असतो, आणि तो वापरल्याबद्दल त्याला जाब विचारला जात नाही. दाइइचीपासून सुमारे १२ किलोमीटरवरील दाइनी केंद्रात प्रमुख नाओहिरो मासुदा यांनी भूकंपाच्या धक्क्यांची तीव्रता आणि वेळा फळ्यावर लिहून काढल्या, धक्के ओसरत असल्याचे लोकांना स्वतःच पाहू दिले आणि मगच त्यांना बाहेर पाठवले. त्या लोकांनी सुमारे ९ किलोमीटर जड केबल हातांनी अंथरली. अर्थात दाइनीला बाहेरून येणारी एक वीजवाहिनी शाबूत होती, हेही विसरता कामा नये.

याच काळात सरकारांमधील समन्वयाची परीक्षा झाली. जपानने २० किलोमीटरपर्यंतच्या लोकांना हलवले, तर अमेरिकेने आपल्या नागरिकांना ८० किलोमीटर दूर राहायला सांगितले. दोन्हींमागे काही गणित होते, पण सामान्य माणसाने कोणाचे ऐकावे?

युक्रेनमधील झापोरिझ्झिया अणुवीज केंद्राचे प्रकरण आणखी वेगळे आहे. मार्च २०२२ पासून ते केंद्र रशियन सैन्याच्या ताब्यात आहे आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख राफाएल ग्रोसी यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या पथकानंतर तिथे संस्थेचे निरीक्षक ठेवण्यात आले. ते कोणालाही आदेश देऊ शकत नाहीत. तरीही बाहेरची वीज किती वेळा तुटली, जून २०२३ मध्ये काखोव्का धरण फुटल्यावर शीतकरण तलावात पाणी किती उरले, हे दोन्ही बाजूंच्या दाव्यांपलीकडे जगाला त्यांच्यामुळेच कळले.

म्हणून हुकूम देणारी जागतिक संस्था असावी, असे मला वाटत नाही. भट्टीजवळ नसलेल्याने दिलेला हुकूम व्हिएन्नाहून येवो वा टोकियोहून, धोका तोच. मला हवे आहे ते वेगळेच. चेर्नोबिलनंतर १९८९ मध्ये स्थापन झालेली वानो ही केंद्रचालकांची संघटना परस्परांच्या केंद्रांची कसून तपासणी करते, पण ते अहवाल गोपनीय राहतात. चालक मोकळेपणाने बोलावेत म्हणून ही गोपनीयता ठेवली आहे आणि ते कारण मला पटते. परंतु किमान कोणत्या सुधारणा सुचवल्या आणि त्यांपैकी किती मुदतीत पूर्ण झाल्या, एवढे तरी शेजारी देशांच्या नियामकांना कळवणे बंधनकारक करायला हवे.