अमॉर्टायझेशन म्हणजे नक्की काय? कर्जातलं आणि कंपनीच्या हिशेबातलं अमॉर्टायझेशन एकच का?

कल्पना एकच आहे: मोठी रक्कम ठरलेल्या मुदतीवर वाटून थोडी थोडी संपवत न्यायची. शब्दाच्या पोटात लॅटिनमधला 'मृत्यू' आहे, म्हणजे कर्जाला हळूहळू मारणं! पण दोन्हीकडे पैशाची गोष्ट वेगळी आहे.

आधी कर्ज. १० लाख, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता बसतो ८,९९७. पहिल्या महिन्याचं व्याजच ७,५००, मुद्दलातून कटतात जेमतेम १,४९७. दुसऱ्या महिन्यात व्याज ७,४८९, मुद्दल १,५०८. हप्ता तोच, आतली वाटणी सरकत जाते. ५ वर्षांत जवळपास ५ लाख ४० हजार भरूनही ८ लाख ८७ हजार बाकी दिसतात, आणि माणूस म्हणतो, बँकेनं फसवलं. फसवलेलं नसतं. व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं आणि सुरुवातीला शिल्लकच मोठी असते. मुद्दल निम्म्यावर यायला १६८ हप्ते लागतात, म्हणजे १४ वर्षं.

म्हणून जादा पैसे भरायचे तर लवकर भरा. पहिल्या हप्त्यासोबतच १,५०८ जास्त भरले, तर हप्त्यांच्या तक्त्यातली दुसरी ओळ गळते आणि तिच्यातलं ७,४८९ व्याज वाचतं. हेच शेवटच्या वर्षात केलंत तर हाती फारसं काही लागत नाही. फक्त हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायला सांगा, आणि जादा भरण्यावर शुल्क आहे का तेही आधी विचारा.

आता कंपनीची वही. १२ लाखांना पेटंट घेतलं, १० वर्षं उपयोगी पडणार. तर दरवर्षी १ लाख २० हजार खर्ची टाकायचे. यंत्रासाठी हेच केलं की त्याला घसारा म्हणतात. पेटंट, कॉपीराइट अशा हाताला न लागणाऱ्या मालमत्तेसाठी अमॉर्टायझेशन. इथे दरवर्षी खिशातून काहीच जात नाही, पैसे खरेदीच्या वेळीच गेलेले असतात. नफा मात्र तेवढा कमी दिसतो.

'एबिटडा' म्हणजे व्याज, कर, घसारा आणि अमॉर्टायझेशन वजा करण्याआधीचा नफा. त्यातला शेवटचा 'ए' हा दुसरा, कंपनीच्या वहीतला प्रकार. कर्जाच्या मुद्दलाची फेड त्यात धरलेली नसते; ती नफातोट्याच्या पत्रकात खर्च म्हणून येतच नाही, येतं ते फक्त व्याज.