वक्ते राहू द्या, आधी तीन काठ्या आणा

गावात पर्यावरण जागृतीचा कार्यक्रम घ्यायचाय, वक्ते कोण बोलवावेत, असं विचारलंयत. माझं ऐकाल तर वक्त्याचं मानधन वाचवा. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' आमच्या शाळेच्या भिंतीवर कित्येक वर्षं रंगवलेलं होतं आणि टँकर त्याच भिंतीला लागून उभा राहायचा.

पाणी फाउंडेशनची वॉटर कप, म्हणजे गावागावांतली जलसंधारणाच्या कामाची स्पर्धा, २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. २०१७ ला तीस तालुके झाले, त्यात आमचा आला. गावातून पाच जण प्रशिक्षणाला गेलो. मी गेलो ते चार दिवस कामातून सुटका म्हणून, लपवत नाही.

तिथं ए-फ्रेम करायला शिकवली. दोन सारख्या काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये आडवी काठी, शेंड्यावरून दोरीला दगड लोंबता. दोरी आडव्या काठीवर जिथं येते तिथं खूण करायची, मग पाय अदलाबदल करून दुसरी खूण. दोन्हींच्या बरोबर मधोमध दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. अशी पावलं टाकत फक्कीनं रेघ मारत गेलं की समतल रेषा मिळते, आणि चर त्याच रेषेवर खणायचा. आम्ही आधी डोळ्यांनी सरळ खणायचो. पाणी सखल टोकाला गोळा होऊन चर फोडायचं. गटात शाळेची पायरी न चढलेल्या एक काकू होत्या. मी घाईनं खूण करायला गेलो तर म्हणाल्या, "थांब की, दोरी अजून हालतीय." त्या दिवसापासून आखणी त्यांच्याकडं.

पुढं ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस श्रमदान. बक्षिसापेक्षा शेजारच्या गावाची ईर्षा जास्त कामाला आली, हे मात्र कुठल्या प्रशिक्षणात सांगत नाहीत.

आता आमचं चुकलं ते ऐका. पहिल्या पावसानंतर विहिरी वर आल्या. दोन वर्षांत निम्मा शिवार उसाखाली गेला, बोअर वाढल्या आणि फेब्रुवारीत टँकर परत आला. पाणी अडवायला शिकलो, खर्चायला नाही. नगरकडच्या हिवरे बाजार गावानं हेच आधी ओळखलं होतं. तिथं पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, त्यावर पिकं ठरतात, आणि शेतीसाठी बोअरला बंदी आहे.

हिशेब अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. हजार हेक्टरच्या शिवारात ४०० मिलिमीटर पडला तर ४०० कोटी लिटर. त्यातलं बरंचसं वाफ होतं, वाहून जातं, तरी एकरी उसाला किती लागतं ते शेजारी मांडा आणि गप्प बसा. लोक आपसूक भांडायला लागतात. भांडू द्या.

तेव्हा पहिल्या दिवशी ए-फ्रेम, दुसऱ्या दिवशी ताळेबंद, तोही शाळेत नको, ग्रामसभेत. आणि रब्बीच्या पेरणीआधी घ्या. एकदा पेरलं की कुणी ऐकत नाही.