गुडघाभर पाण्यासाठी वाटाड्या कशाला?

तुम्ही विचारलंय की जुलैअखेर चौघे मित्र आंबोली भागात ओढ्याच्या काठाकाठाने जंगलातून धबधब्यापर्यंत चालत जाणार आहात, वाट फोनवर उतरवून घेतलीय, व्हिडिओत पाणी गुडघाभरच दिसतं, मग वाटाड्यावर पैसे घालवायची खरंच गरज आहे का.

आहे. आणि जुलैअखेर जाऊच नका. एवढं सांगून थांबले असते, पण ते ‘गुडघाभरच’ मी दहा वर्षं ऐकतेय.

माझं माहेर आंबोली घाटाच्या पायथ्याला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, आमच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, तोंडाशी गाड्यांची रांग लागलेली मला बघायची नाही. वर पठार, समुद्रसपाटीपासून जवळजवळ ७०० मीटरवर, आणि तिथे वर्षाला ७००० मिलिमीटरच्या वर पाऊस. पूर्वेकडचं पाणी हिरण्यकेशीतून घटप्रभेला आणि पुढे कृष्णेला जातं. पश्चिमेच्या कड्यावरून सुटतं ते आमच्याकडे येतं, आणि आलं की वेळ लावत नाही. सगळा उभा कातळ, मुरायला जागा नाही.

बाबांनी स्वतःला कधी वाटाड्या म्हणवून घेतलं नाही. शेती करायचे. पण लहानपणापासून मृगाच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला आणि रात्री बत्ती घेऊन कुर्ल्या पकडायला त्याच व्हाळात, त्यामुळे कुठला धोंडा हलतो, कुठल्या कोंडीत, म्हणजे खोल डोहात, भोवरा असतो, हे त्यांना अंधारातही कळायचं. माझे पाहुणे आले की कोयता आणि काठी घेऊन पुढे चालायचे. पैसे कधी घेतले नाहीत.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये जोडून सुट्टी आली तेव्हा मी पुण्याहून ऑफिसातले पाच जण घेऊन गेले. त्यांत एक मुरलेला ट्रेकर होता, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढलेला. त्याच्या शब्दाला ग्रुपमध्ये वजन होतं, माझ्याकडेही होतं. व्हाळाने वर दोन तास चाललं की मोठा धबधबा लागतो. वाटेत तीनदा पाणी ओलांडावं लागतं. दोन ओलांडण्या झाल्या. ऊन पडलेलं, आभाळ निळं. तिसऱ्या ओलांडणीच्या अलीकडे एका सपाट धोंड्यावर बसून आम्ही घावणे खात होतो. धबधब्याचा आवाज ऐकू येत होता, फार तर वीस मिनिटांची वाट उरली असेल.

बाबा उठले. पाण्याजवळ जाऊन वाकले, हात घातला, परत आले आणि म्हणाले, “पाण्याचो रंग बघ. वर पावस लागलो हा. फिरा मागे.”

मला रंगात फरक दिसला नाही. नंतर दिसला, कारण नंतर मी बघायला शिकले. तळाचे खडे अस्पष्ट होतात, पाणी फिक्या चहासारखं दिसायला लागतं, आणि त्यावरून सुका पाचोळा आणि काटक्या यायला लागतात. काठावर उंचावर पडलेला तो पाचोळा पाणी वर चढल्याशिवाय वाहत येत नाही. आवाजही जड होतो. पाण्याखालून दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज यायला लागला, तर तुम्हाला उशीर झालाय.

ट्रेकर म्हणाला, “काका, आभाळ बघा ना. आणि पाणी गुडघाभर तर आहे.” बाकीचे माझ्याकडे बघायला लागले. मी त्याची बाजू घेतली. बाबांना म्हटलं, “बाबा, एवढ्या लांबून आलेत, वीस मिनिटांचा प्रश्न आहे.” पाहुण्यांसमोर, मराठीत, पुण्याच्या मराठीत. घरी आम्ही मालवणीच बोलतो. ते मला काही बोलले नाहीत. पिशवी उचलली आणि खालच्या दिशेने चालायला लागले. त्यांच्याशिवाय कुणालाच वाट माहीत नव्हती, त्यामुळे सगळ्यांना मागे जावं लागलं. परतीच्या दोन ओलांडण्यांना पाणी सकाळपेक्षा थोडंसं जास्त होतं. वाडीत पोचेपर्यंत ऊनच होतं. त्या रात्री जेवणं गप्पगप्पच झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाचही जण निघून गेले.

ते गेल्यावर मी बाबांबरोबर पुन्हा वर गेले. ज्या धोंड्यावर बसून घावणे खाल्ले होते त्याच्या माथ्यावर चिखलाची रेघ आणि अडकलेल्या काटक्या होत्या. रात्रीही गावात थेंब पडला नव्हता. म्हणजे पाणी आलं होतं. किती? धोंड्यावर उभं राहिलं तर माझ्या गुडघ्याच्या जरा खाली एका झुडपाला पाला लटकला होता. मी बाबांना म्हटलं, तुमचं बरोबर होतं. ते म्हणाले, “माका खय म्हायत होता किती येतला ता? म्हणानच फिरलंय.”

मी फोटो ग्रुपवर टाकला. उत्तर आलं: “बघ, गुडघाभरच.”

आजही भेट झाली की ट्रेकर हेच सांगतो. काकांनी घाबरवलं, काही झालं नसतं, धबधबा हुकला. तेव्हा आता नीट उत्तर देते.

गुडघाभर होतं ते बसायच्या धोंड्यावर. ओलांडणीची जागा त्या धोंड्यापासून पुरुषभर खाली. दुसरं, संथ गुडघाभर पाणी आणि धावतं गुडघाभर पाणी यांत फार फरक आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा पायावरचा रेटा चौपट होतो. खाली शेवाळलेले गोल दगड. पाय अडकला आणि माणूस पडला की त्या रेट्यात उठून उभं राहता येत नाही. पोहता येतं की नाही याचा तिथे संबंधच येत नाही. आणि तिसरं, धबधबा बघून परत यायला आम्हाला तीच जागा पुन्हा ओलांडायची होती. लोक जाताना पाणी मोजतात, येतानाचं कुणी धरत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभे राहिलेले ते लोक सगळ्या महाराष्ट्राने फोनवर बघितले. त्यानंतरही मला कुणी गुडघाभर म्हणून सांगितलं की राग येतो.

तुमच्या फोनच्या वाटेबद्दल. ती रेघ ज्याने काढली तो कुठल्या महिन्यात चालला होता ते आधी बघा. जानेवारीत चाललेली वाट व्हाळाच्या पात्रातूनच जाते, कारण तेव्हा पात्र कोरडं असतं. जुलैत तीच रेघ तुम्हाला पाण्यात नेते. शिवाय दाट झाडीत आणि घळीत फोन जागा चुकीची दाखवतो, आणि व्हाळाच्या कुठल्या काठाला आहोत एवढीच चूक पुरते.

जायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. पाणी असतं, नितळ असतं, तळ दिसतो, रानात चालता येतं. तेव्हाही पाणी ओलांडायचं ते जिथे पात्र पसरट आणि उथळ आहे तिथे, कधीही धबधब्याच्या वरच्या अंगाला नाही. काठी हवीच. पाठपिशवीचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडून ठेवा, पडलात तर पिशवी टाकून देता आली पाहिजे. कमरेला दोर बांधून ओलांडू नका, दोर अडकला की माणूस पाण्याखाली दाबला जातो. कोंडीत उडी नाही, गेल्या वर्षी मोकळी होती म्हणून यंदा तळाशी ओंडका नसेल असं नाही.

जुलैत पाणीच बघायचं असेल तर रस्त्यावरून बघा. नांगरतासला धबधबा अरुंद घळीत कोसळतो तो कठड्याच्या आतून बघायचा, कावळेसादला वारा पाणी उलटं वर फेकतो. त्यासाठी व्हाळात उतरावं लागत नाही. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या पठारावरच्या, कातळावर साचलेल्या वीतभर पाण्यात मात्र पाय घालू नका. आंबोलीचा म्हणून जगात ओळखला जाणारा छोटा भेक, बेडकासारखाच प्राणी, पावसाच्या सुरुवातीला अशाच डबक्यांत अंडी घालतो, आणि तो फार थोड्या जागी उरलाय. हिरण्यकेशीच्या उगमाजवळ साबण-शाम्पू काढू नका. तिथला २०२० मध्ये नोंदला गेलेला सोनेरी मासा सापडतो त्या जागेला २०२१ मध्ये सरकारने जैवविविधता वारसास्थळ केलंय.

वाटाडेही सगळे सारखे नसतात, हे आधी सांगायला हवं होतं. सुट्टीत गर्दी वाढली की वाट न चाललेली मुलंही पुढे होतात. पैसे ठरवण्याआधी विचारा की हा व्हाळ वर कुठून येतो आणि तिथे आज पाऊस आहे का. सांगता आलं नाही तर दुसरा बघा. सांगता आलं तर घासाघीस करू नका, आणि तो फिरा म्हणाला की फिरा. जिल्हाधिकाऱ्यांची पावसाळ्यातली बंदी लागू असेल तर तो विषयच संपला.

बाबांना आता चढवत नाही, व्हाळात मी नेते लोकांना. ट्रेकरने हे वाचलं असेल तर त्याला सांगायचंय की यंदा नोव्हेंबरात ये. धोंडा जागेवरच आहे, मोजायची टेप मी आणते.