पार्सल कंपनीचं, पैसे व्हेंडरचे, मग युनियनने बोलायचं कुणाशी?

प्रश्न : ताई नमस्कार. मी कुडाळ तालुक्यातला, वय ३२, एका मोठ्या डिलिव्हरी कंपनीच्या हबवर पार्सल टाकायचं काम करतो. टी-शर्ट कंपनीचा, ॲप कंपनीचं, पण पैसे व्हेंडर, म्हणजे मधला कंत्राटदार देतो, पार्सलमागे. गाडी माझी, पेट्रोल माझं, पार्सल परत गेलं तर त्याचे काहीच नाहीत. आमच्याकडे वाड्या लांब लांब, एका पार्सलसाठी घाटी चढून जायचं, पावसात साकव पाण्याखाली गेला की लांबून फिरून जायचं, आणि रेट यंदा न सांगता कमी केला. युनियन करूया म्हणून पोरांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला तर लगेच स्क्रीनशॉट इन्चार्जकडे आणि दोघांचे आयडी ब्लॉक. इन्चार्ज म्हणतो तुम्ही कंपनीचे कामगारच नाही, युनियन कसली करताय. आता काही पोरं म्हणतायत गणपतीच्या आधी लोड असतो तेव्हा सगळ्यांनी एकदम रजा टाकूया. बाबा गिरणीत होते, ते एकच सांगतात, "युनियनचा नाव काढू नको, आमचा काय झाला ता तुका म्हायत आसा." काय करू?

उत्तर : भावा, इन्चार्ज जे बोलला तिथूनच सुरुवात करूया, सगळं घोडं तिथेच अडलंय. संघटना करायचा हक्क संविधानाच्या कलम १९ मध्ये आहे, तो कुठला इन्चार्ज काढून घेऊ शकत नाही. युनियनच्या नोंदणीला सात जणांनी अर्ज केला तरी चालतो, पण त्या ठिकाणचे किंवा त्या धंद्यातले १० टक्के किंवा १०० कामगार, यातला जो आकडा कमी तेवढे मेंबर लागतात, आणि सातच्या खाली चालत नाही. खरी मारामारी त्याच्या पुढे आहे. रेटचं विचारलं की कंपनी म्हणते व्हेंडरशी बोला आणि व्हेंडर म्हणतो रेट वरून येतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे लागू झाले, त्यात जिच्याकडे मस्टरवरचे ५१ टक्के कामगार आहेत ती युनियन एकटी वाटाघाटी करू शकते, पण मस्टरवर नावच नसेल तर टक्के कुणाचे मोजणार? गिग वर्कर, प्लॅटफॉर्म वर्कर (तुमच्यासारखे ॲपवर, कामामागे पैसे घेणारे) हे शब्द कायद्यात आले खरे, पण सामाजिक सुरक्षेच्या कोडमध्ये. मालकाशी वाटाघाटीच्या कोडमध्ये ते नाहीत.

म्हणून पहिलं काम, आपण कोण ते कागदावर शोधा. पीएफ कापला जातो का, हजेरी लागते का, रूट कोण ठरवतं, पासबुकात पैसे कुणाच्या नावाने जमा होतात, आयडी बंद करायचं बटण कुणाच्या हातात आहे. व्हेंडरच्या पेरोलवर असाल तर तुम्ही सरळ कंत्राटी कामगार, कामगार नाही म्हणायला जागाच नाही. नसाल तरी जुना रेट, नवा रेट, ब्लॉकचा मेसेज, रोजच्या पार्सलचा आकडा, सगळ्याचे स्क्रीनशॉट आजच काढून घरच्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा, कारण आयडी गेला की ॲपमधलं काही दिसत नाही आणि मग तोंडी सांगितलेलं कोण ऐकतो.

ही पळवाट फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नकोस. कॅलिफोर्नियात पामडेलला २०२३ मध्ये ॲमेझॉनची पार्सलं टाकणाऱ्या ८४ ड्रायव्हरनी युनियन केली, त्यांच्या कंत्राटदाराने ती मान्यही केली, तर ॲमेझॉनने त्या कंत्राटदाराचं कंत्राटच संपवलं आणि ही माणसं आमची नव्हेतच म्हणून सांगितलं. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या ॲमेझॉनच्याच गोदामात तर कामगार थेट कंपनीचे होते, एप्रिल २०२२ मध्ये २,६५४ विरुद्ध २,१३१ मतांनी युनियन जिंकली, तरी कंपनी निकालाविरुद्ध लढत राहिली आणि वर्षं गेली तरी करार काही झाला नाही. हे तुला घाबरवायला सांगत नाहीये. एका हबची युनियन एकटी पडते, तुमची पार्सलं उद्या शेजारच्या हबवरून फिरवतील, म्हणून कुडाळबरोबर कणकवली, सावंतवाडी, मालवणची पोरं पाहिजेत, आणि नवीन युनियन काढण्यापेक्षा आधीच नोंदणी असलेल्या एखाद्या युनियनमध्ये शिरणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

आणि मालक एक नाही म्हणून काही होत नाही हे तर महाराष्ट्राने कधीच खोटं ठरवलंय. माथाडी कामगाराला तरी कुठे एक मालक होता, आज या व्यापाऱ्याची गोणी उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र आणलं, १९६९ मध्ये कायदा झाला, कामगार आणि मालक दोघांचीही नोंद माथाडी बोर्डात, मजुरी बोर्डातून, वर मालकाकडून लेव्ही म्हणजे मजुरीवर जादा टक्के, त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी. आता सामाजिक सुरक्षा कोडमध्ये प्लॅटफॉर्म कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायचे असं आहे, फार तर कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत. ते पैसे तुमच्यापर्यंत यायचे तर यादीत नाव हवं, म्हणून सगळ्यांनी ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंद करून टाका, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

गणपतीच्या रजेचं मात्र माझं ऐक, ते करू नका. नव्या कोडप्रमाणे निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी मिळून कॅज्युअल रजा टाकली तर तो संप धरतात, आणि संपाला नोटीस देऊन १४ दिवस थांबावं लागतं. पेरोलवरची पोरं यात फुकट अडकतील, आणि बाकीच्यांच्या जागी संध्याकाळपर्यंत नवीन पोरं उभी करतील, चतुर्थीच्या तोंडावर हाताला काम शोधणारे मुंबईहून येतातच.

बाबांशी वाद घालू नकोस. जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, कोकणातल्या किती घरांची चूल त्या मनीऑर्डरवर पेटायची ते त्यांनी अंगावर काढलंय, त्यांची भीती खोटी नाही. पण त्यांना हेही विचार, की संपाच्या आधी बोनस, रजा, ग्रॅच्युइटी हे गिरणीत कसं आलं, कुणी मागितलं. संप हे युनियनचं शेवटचं काम आहे. तुमचं पहिलं काम साधं आहे, त्या दोघांचे आयडी चालू करा आणि रेट बदलायच्या आधी लेखी कळवा एवढ्या दोनच मागण्यांचं निवेदन, खाली सगळ्यांच्या सह्या गोल काढून, म्हणजे पहिली सही कुणाची ते कळत नाही. एक प्रत व्हेंडरला, एक कंपनीला, एक जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात, आणि आपल्याकडे ठेवायच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. आणि ग्रुपवर आता काही लिहू नका, चहाच्या टपरीवर समोरासमोर बोला, दोन दोन जण.

प्रश्न : वरचं पत्र तुम्ही मला वाचायला दिलंत, मी दापोलीजवळ राहते, दर आठवड्याला काहीतरी मागवते. आम्ही गिऱ्हाइकांनी काय करायचं?

उत्तर : पार्सल परत पाठवू नका, पोरगं वाडीपर्यंत आलेलं असतं आणि त्या फेरीचे त्याला पैसे नाहीत. घरात कुणी नसेल तर आधी फोन करून शेजारी किंवा नाक्यावरच्या दुकानात ठेवायला सांगा. पावसात उशीर झाला म्हणून एक स्टार देऊ नका, खरंच काही बिघडलं असेल तर तक्रार कंपनीच्या नावाने लिहा, रायडरच्या नव्हे. आणि तुमच्या भागातली पोरं निवेदन घेऊन आली तर गिऱ्हाईक म्हणून त्याखाली सही करा, गावच्या सरपंचांचीही घेऊन द्या.