मनालीवरून लेहला पहिल्यांदा गाडी नेतोयस ना, मग हे ऐक

भावा, कसारा घाट रोज मारत असशील तरी हा रस्ता वेगळाय. मनालीहून निघालास की अटल टनेलने पलीकडे जा आणि पहिली रात्र जिस्पालाच काढ, सरचूला नको, ते ४२०० मीटरच्या वर आहे, मुंबईहून थेट गेलेल्याचं डोकं रात्रभर ठणकतं, मी भोगलंय. तिथे चिप्सचं पाकीट फुगून टम्म होतं, तेव्हा हवा किती विरळ ते कळतं. बर्फ वितळून नाल्यांना दुपारी पाणी चढतं म्हणून पहाटेच निघ. उतारावर सेकंड गिअर, ब्रेक दाबून ठेवू नकोस, लायनर तापतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट दे. आणि जिस्पाच्या आधी टांडी गाव लागतं, तिथेच टाकी फुल कर, प्लीज.